गौरी-गणपती ते दिवाळी: इटिंग डिसऑर्डरमधून बरं होताना सणाची जेवणं कशी निभवायची

श्रावण लागला की आपल्या घरांत खाण्याची सगळी घडीच बदलते. श्रावणी सोमवार, मंगळागौर, मग हरतालिका, गणपती, गौरी, नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी. आज उपास, उद्या पुरणावरणाचा स्वयंपाक. ज्याचं खाण्याशी नातं सरळ आहे त्याला हे सगळं झेपतं, आवडतंही. पण अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं अगदी कमी करणं), बुलिमिया (भरपूर खाऊन मग ते उलटीने किंवा इतर मार्गांनी काढून टाकणं) किंवा बिंज इटिंग (ताबा सुटून एकदम खूप खाणं) अशा खाण्याच्या आजारातून, म्हणजे इटिंग डिसऑर्डरमधून, जो हळूहळू बाहेर येतोय, त्याच्यासाठी हे तीन महिने वर्षातले सगळ्यात अवघड असतात. मी स्वतः त्यातून गेले आहे, म्हणून हे इतकं तपशिलात लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: बरं होत असताना सणाचा दिवस खाण्याच्या वेळांपुरता रोजच्यासारखाच ठेवायचा. सण पूजेत, माणसांत, रांगोळीत, नव्या कपड्यांत मनसोक्त होऊ दे. जेवणाच्या वेळा मात्र जागच्या हलू द्यायच्या नाहीत. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे. तुमचे मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक किंवा डाएटिशियन यांनी याहून वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका. त्यांना तुमचे रिपोर्ट माहीत आहेत, मला नाहीत.

दोन-तीन आठवडे आधी: कॅलेंडर घेऊन बसा

भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि तीन प्रकारचे दिवस पेनाने खुणा करून ठेवा. उपासाचे, पक्वान्नांचे आणि पाहुण्यांचे. खुणा झाल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. उपासाचा दिवस आणि पक्वान्नाचा दिवस बहुतेक वेळा एकमेकांना खेटून येतात. हरतालिकेचा निर्जळी उपास आणि दुसऱ्याच दिवशी उकडीचे मोदक. नवरात्राचे नऊ दिवस आणि मग दसऱ्याचं श्रीखंड किंवा बासुंदी. आधी उपाशी राहायचं आणि मग भरपूर खायचं, हेच तर या आजाराचं चक्र आहे. पंचांग ते आयतं हातात देतं, आणि घरात कोणाला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण सगळेच तसं करत असतात.

उपाशी राहण्याने मनाचं काय होतं, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली झालेल्या एका प्रयोगातून फार स्पष्ट दिसलं. अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण स्वतःहून तयार झाले होते, त्यांना खाण्याचा कुठलाही आजार नव्हता. तरी काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. ते पाककृती गोळा करू लागले, समोरचं थोडंसं जेवण बराच वेळ पुरवत बसू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुढे जेवण पूर्ववत झाल्यावर त्यांच्यातल्या काहींना पोट भरल्याचं कळेनासं झालं, खात सुटले तर थांबता येईना. मला हा प्रयोग कळला तेव्हा फार मोठा आधार मिळाला. फराळाच्या डब्यासमोर हात थांबत नाही याला आपण स्वतःची हाव समजतो. प्रत्यक्षात ती बरेचदा उपाशी ठेवलेल्या शरीराची मागणी असते.

म्हणून उपचारात सुरुवातीलाच नियमित खाण्यावर भर असतो. दिवसाकाठी तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. खुणा केलेलं कॅलेंडर घेऊन डाएटिशियनकडे जा आणि त्यांना नेमकं विचारा. मोदकांचं जेवण मील प्लॅनमध्ये, म्हणजे कधी, काय, किती खायचं याच्या ठरलेल्या आखणीत, कुठे बसवायचं? लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवण उशिरा होतं, तेव्हा संध्याकाळी काय खायचं? दिवाळीत तुमचं क्लिनिक किती दिवस बंद आहे, आणि त्या काळात फोन कोणाला करायचा? हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि नेमकी त्याचीच गरज पडते.

उपास: सध्या नको

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घसरण इथून होते.

इटिंग डिसऑर्डरमधून बरं होत असताना उपास करू नये. निर्जळी तर नाहीच, पण साबुदाण्याच्या खिचडीचा, भगर-आमटीचाही नको. खिचडी पोटभर असते, हे खरं. अडचण वेगळीच आहे. ‘हे चालतं, ते चालत नाही’ अशी याद्यांची भाषा आजाराला फार आवडते. आपण महिनोन् महिने खपून ती भाषा डोक्यातून काढत असतो आणि उपास तिला मानाने पाटावर आणून बसवतो. नवरात्रात ‘उठता-बसता करते’ म्हणणं, म्हणजे फक्त पहिला आणि शेवटचा दिवस धरणं, ही तडजोडही सध्या नको. दोनच दिवस असले तरी जेवण चुकवल्याबद्दल कौतुक होण्याचे ते दोन दिवस आहेत, आणि ते कौतुक फार आत जाऊन बसतं.

परंपरेतच याला वाट आहे. आजारी माणूस, गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस यांना व्रतातून सूट असते हे प्रत्येक आजीला ठाऊक असतं. आपलं व्रत घरातल्या दुसऱ्या कोणाकडून करवून घेण्याचीही पद्धत आहे. रमजानच्या रोज्यातूनही आजारी माणसाला कुराणानेच सवलत दिली आहे. अडचण नियमाची नसतेच. ‘हा काय आजार आहे का?’ इथे गाडी अडते. तेव्हा सांगायचं कसं, ते आधी ठरवून ठेवा. सासूबाईंना किंवा आजीला असं म्हणता येईल:

‘आई, मला डॉक्टरांनी या वर्षी उपास करायचा नाही असं सांगितलंय. वेळेवर खाणं हेच माझं औषध आहे सध्या. पूजेची सगळी तयारी मी करते, पत्री मी निवडते, कहाणी मी वाचते. उपास तेवढा तुम्ही माझ्याही वाटचा धरा.’

यात शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्या वाक्याने त्यांच्या हाती काहीतरी करण्याजोगं येतं. अनेक बायका ‘बरं, धरते’ म्हणून विषय मिटवतात. नाही मिटला, तर नवऱ्याने किंवा मुलाने बोलायचं. आजारी माणसाने घरभर खुलासे देत फिरायचं नाही.

घरच्यांसाठीही एक गोष्ट इथेच सांगते. घरातली मुलगी किंवा मुलगा अचानक जास्त उपास करू लागला, सोमवारात गुरुवार मिळाला, मग चतुर्थी, मग एकादशी, आणि उपास सोडायची वेळ आली की ‘भूक नाही’ ऐकू येऊ लागलं, तर ती भक्ती आहे असं गृहीत धरू नका. उपासाच्या आड हा आजार वर्षानुवर्षं लपतो. डॉक्टरांना दाखवा.

एक माणूस निवडा

सगळ्या गोतावळ्याला आजार सांगायची गरज नाही. पण त्या दिवशी घरात असणाऱ्या एका माणसाला तरी सगळं माहीत हवं. बहीण, नवरा, मावसभाऊ, वहिनी, कोणीही चालेल. त्याने जेवताना शेजारी बसायचं, विषय वजनावर गेला की बदलायचा, जेवणानंतर तासभर सोबत राहायचं. उपदेश करणारं माणूस निवडू नका, आणि स्वतः कायम कुठल्या ना कुठल्या डाएटवर असणारंही नको.

त्याच्याशी आधी फोनवर दहा मिनिटं बोला. ‘ताई, मी पाणी मागितलं की समज मला उठायचंय, मला काहीतरी काम सांगून आत बोलव.’ खूण अशी साधी ठेवा. माझ्या बाबतीत खूण होती ‘मीठ दे गं’, आणि बहीण लगेच म्हणायची, ‘चल, आतून घेऊन येऊ.’

कपड्यांचं आधी बघून ठेवा

हे खाण्यात मोडत नाही असं वाटेल, पण सणाच्या सकाळी मागच्या वर्षीचं ब्लाउज अंगात शिरलं नाही की पुढचं सगळं जेवण तिथेच संपतं. बरं होताना शरीर बदलतं, आणि ते बदलायलाच हवं असतं. पंधरा दिवस आधी, दुपारच्या निवांत वेळी, आपल्या त्या माणसाला सोबत घेऊन कपडे घालून बघा. शिलाई करताना शिवणीत माया सोडलेली असते, टेलर ती उसवून ब्लाउज सैल करून देतो. तेवढं पुरत नसेल तर नवीन शिवा, आणि जुनं कपाटातून बाहेर काढा. ‘पुन्हा होईल’ म्हणून ते ठेवून देणं म्हणजे आजाराची जागा राखून ठेवणं आहे.

सणाच्या सकाळी: नैवेद्याची वाट बघत उपाशी राहायचं नाही

गणपतीच्या दिवशी गुरुजी येतात साडेदहाला, पूजा, मग आरती, मग नैवेद्य, आणि पानं मांडेपर्यंत दोन वाजतात. अनेक घरांत नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही अशी शिस्त असते. सकाळी सातच्या चहानंतर सात तास पोटात काही नाही, आणि मग समोर तळण, पुरण, मोदक. या आजारातला माणूस त्यातून दोनच वाटांनी बाहेर येतो. एक तर त्याची भूक मरते, किंवा जेवण हाताबाहेर जातं.

त्यामुळे नाश्ता वेळेवर करायचाच. उपमा, पोहे, थालीपीठ, दूध, जे रोज खाता ते. नैवेद्याच्या स्वयंपाकाला तुम्ही हात लावत नाही, मग तुमच्या नाश्त्याने तो उष्टा होत नाही. घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. अकराच्या सुमारास मधलं खाणंही ठेवा, फळ, दूध किंवा पूजेनंतरचं पंचामृत-प्रसाद. प्रसाद आला म्हणून ठरलेलं खाणं गाळू नका.

‘दुपारी भरपूर होणार आहे, आत्ता पोट रिकामं ठेवू’ हा विचार सणाच्या सकाळी हमखास येतो, आणि घरातले निरोगी लोकही तो मोठ्याने बोलत असतात. त्यांचं त्यांना लखलाभ. तुम्ही खाऊन घ्या.

दिवाळीचा क्रम उलटा. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, कारिट फोडणं आणि उजाडायच्या आत फराळ. दोन शंकरपाळ्या आणि अर्धी चकली म्हणजे नाश्ता नव्हे. सोबत दूध घ्या, किंवा आठ-साडेआठला नेहमीचा नाश्ता वेगळा करा. गोव्यात त्या सकाळी पोह्यांचे चार-पाच प्रकार होतात, दुधातले, ताकातले, गुळाचे, बटाट्याचे. फराळाच्या डब्यापेक्षा ते खरंच नाश्त्याच्या जवळचं आहे, आणि इतर घरांनीही उचलावं असं आहे.

ताट

आपलं सणाचं ताट या कामी फार उपयोगी पडतं, हे मला खूप उशिरा कळलं. वर मधोमध मीठ, लिंबू. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. समोर वरणभाताची मूद, तिच्यावर तूप. तळण आणि पक्वान्नही त्याच ताटात. सगळ्याला जागा आहे, आणि कुठलाच पदार्थ वाईट म्हणून ताटाबाहेर नाही. जेवणाचा क्रमही ठरलेला असतो. आधी वरणभात, मग पोळी-पुरी आणि पक्वान्न, मग मसालेभात, शेवटी ताकभात किंवा दहीभात. डोक्यात गोंधळ असेल तेव्हा या क्रमाला धरून राहा. पुढचा घास कशाचा, हे ठरवायचं काम तो करतो.

वाढून घेण्याआधी मील प्लॅनमधले घटक ताटात शोधा. भात किंवा पोळी आहे का, वरण-आमटी-दही आहे का, भाजी आहे का, तूप-तेल आहे का, आणि गोड. हे पाचही असले की ताट पुरं झालं.

ज्यांचा कल कमी खाण्याकडे आहे, त्यांचा सापळा ताटाच्या डाव्या बाजूला असतो. काकडीची कोशिंबीर दोनदा, ताक तीनदा, आणि भात तसाच. ताट भरलेलं दिसतं, कोणाला काही कळत नाही. तुमच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा. ज्यांचा कल एकदम जास्त खाण्याकडे आहे, त्यांचा सापळा उलट आहे. पंगतीत सगळ्यांदेखत ‘मला गोड नको’ म्हणायचं आणि रात्री ओट्यापाशी उभं राहून डब्यातून खायचं. दोघांनाही उपाय एकच: पक्वान्न जेवणासोबत, ताटात, बसून.

मोदकाचंच घ्या. गरम मोदक ताटात आला की त्याचं नाक मोडा, आत तुपाची धार सोडा, आणि सावकाश खा. पहिल्या घासाला वेलचीचा वास येतो, मग गूळ-खोबरं, मग उकडीचा मऊपणा. डोक्यात आकडे सुरू झाले तर परत तोंडातल्या चवीवर या. किती मोदक, हे तिथे बसून ठरवायचं नाही. ते आदल्या दिवशी प्लॅनमध्ये ठरलेलं असतं, आणि ठरलेलं असलं की त्या क्षणी स्वतःशी भांडावं लागत नाही.

पंगतीत वाढपी पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे ताटात काय किती आलं याचा पत्ता राहत नाही. शक्य असेल तर तुमच्या माणसालाच तुमच्या रांगेत वाढायला लावा. बुफे असेल तर आधी रिकाम्या हाताने एकदा सगळी टेबलं बघून या, मग ताट एकदाच वाढून बसा. परदेशात महाराष्ट्र मंडळांच्या दिवाळीला हॉलमध्ये असंच असतं, आणि तिथे उभ्याने, गप्पांच्या नादात खाणं होतं. खुर्ची शोधा.

आग्रह

‘अगं, एक घे ना. माझ्या हातची आहे. एकीने काय होतंय?’

आग्रहामागे प्रेम असतं. वाढणाऱ्याचा मानही त्यात अडकलेला असतो. पदार्थाचं कौतुक मनापासून केलं की निम्मा आग्रह तिथेच ओसरतो. काही वाक्यं तोंडात बसवून ठेवा, आरशासमोर म्हणून बघा:

‘मामी, पोळी काय लुसलुशीत झालीय! माझं झालं आता, पोट छान भरलंय.’

‘काकू, आत्ता नको. डब्यात घालून द्याल का? उद्या चहासोबत खाईन.’

‘आत्या, मी मागून घेईन हं, लाजणार नाही.’

सोबत ताटावर हात आडवा धरा. हा हात आपल्याकडे सगळ्यांना समजतो. तीनदा नको म्हणूनही कोणी वाढलंच, तर ते ताटात राहू द्या. ‘ताटात टाकायचं नाही’ हा संस्कार चांगला आहे, पण कोणीतरी बळेच वाढलेलं संपवणं हे तुमचं कर्तव्य नाही. उलट, ठरलेलं खाणं बाकी असताना ‘झालं माझं’ म्हणणं हे तुमचं नाही, आजाराचं बोलणं आहे. हा फरक तुम्हाला आणि तुमच्या माणसाला, दोघांनाही कळला पाहिजे. त्याने हळूच ‘मसालेभात राहिलाय’ म्हटलं, तर तो आग्रह नव्हे. ती मदत आहे.

‘पोट बिघडलंय’, ‘आत्ताच खाऊन आले’, ‘पित्त झालंय’ अशी कारणं देऊ नका. ती सोपी असतात, पण आजारपणात आपण याच थापांवर जगत असतो. खरं आणि थोडक्यात बोलायची सवय लागणं हा बरं होण्याचाच भाग आहे. पुरुषांच्या पंगतीत आग्रहाऐवजी पैजा लागतात, जिलब्यांच्या, मठ्ठ्याच्या. मुलग्यांनाही हा आजार होतो, आणि त्यांना ‘काय राव, एवढ्यात दमलास?’ ऐकून गप्प बसावं लागतं. पैज सरळ नाकारा आणि वाढायला उठा.

‘किती बारीक झालीस’ आणि ‘तब्येत सुधारली हं’

वर्षातून एकदा भेटणारी माणसं बोलायला सुरुवात शरीरापासून करतात. ‘बारीक झालीस’ हे बक्षिसासारखं वाटतं आणि आजार ते जपून ठेवतो. ‘तब्येत छान झाली’ हे कौतुक असतं, पण आपल्याला त्यात ‘जाड झालीस’ ऐकू येतं. लग्नाच्या वयाच्या मुलींना तर याहून वाईट ऐकावं लागतं.

उत्तर लहान ठेवा आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा. ‘हो, बरी आहे मी आता. तुमचं गुडघ्याचं काय झालं, काका?’ वयाने बरोबरीचं कोणी असेल तर थेट सांगा: ‘वजनावर नको ना बोलूया, मला त्रास होतो.’ मोठ्यांच्या बाबतीत हे काम आईने किंवा नवऱ्याने सणाआधीच फोन करून करावं. ‘ती आली की तिच्या अंगाबद्दल काही बोलू नका, डॉक्टरांनी सांगितलंय.’ डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे मोठी माणसं ऐकतात. त्याचा उपयोग करून घ्या.

‘दिवाळी झाली की डाएट’, ‘उद्यापासून जिम’ या गप्पा सुरू झाल्या की तिथून उठून लहान मुलांत जा. मुलं किल्ला करत असतात, त्यांना माती कालवायला कोणीतरी हवंच असतं.

जेवणानंतरचा तास

माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच. ताट उचललं जातं, माणसं लवंडतात, आणि आपण एकटे उरतो. पोट जड, डोक्यात आरडाओरडा. जेवलेलं काढून टाकावं, चालून जिरवावं, नाहीतर आता बिघडलंच आहे तर सगळंच खाऊन घ्यावं. ही ओढ लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. तिच्याशी झगडावंही लागत नाही, ती ओसरेपर्यंत हात आणि डोकं गुंतवून ठेवायचं असतं.

त्यामुळे या तासाचं काम आधीच ठरवा. विडे करायला बसा: पान पुसायचं, शिरा काढायच्या, चुना, कात, बडीशेप, गुलकंद. बोटं गुंततात आणि भोवती माणसं जमतात. पत्त्यांचा डाव मांडा. आजीकडून जुन्या फोटोतल्या माणसांची नावं लिहून घ्या. बाथरूमला जेवणाआधी जाऊन या, आणि जेवणानंतरचा तासभर एकट्याने तिकडे फिरकू नका. शतपावलीचं मात्र जपून. रमतगमत कोपऱ्यापर्यंत, कोणासोबत तरी, एवढंच ठीक. व्यायामाचा अतिरेक हा तुमच्या आजाराचा भाग असेल तर तीही नको.

आणि खाणं हाताबाहेर गेलंच तर? आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचा उतारा ठरलेला असतो. लंघन, नुसतं ताक, नाहीतर मूगाचं कढण. इतरांना तो चालत असेल. तुम्ही पुढचं खाणं ठरल्या वेळेला, ठरल्याइतकं खायचं. संध्याकाळी पाचला चहा-नाश्ता होता, तर पाचलाच. भूक नसली तरीही. एक जेवण बिघडलं तर एकच जेवण बिघडलं. ते भरून काढायला गेलात तर आठवडा जातो. त्या आठवड्यात रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहू नका, शक्यतो काटा घरातून दुसरीकडे ठेवायला द्या.

फराळाचे डबे

दिवाळी चार दिवसांची, पण डबे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात. फराळ करायला बसायचं की नाही, हे आधी ठरवा. तळणीपाशी तासन् तास उभं राहणं झेपत नसेल तर करंज्या कातायला, अनारशावर खसखस लावायला बसा. अ‍ॅनोरेक्सियात एक गोष्ट वारंवार दिसते: माणूस सगळ्यांसाठी हौसेने रांधतो आणि स्वतः चाखतही नाही. तेव्हा नियम करा. तुम्ही फराळ केला, तर त्या दिवशीच्या मधल्या खाण्यात तो तुम्हीही खायचा, सगळ्यांसोबत बसून.

डबे लपवणं आणि फराळ पूर्ण वर्ज्य करणं, दोन्ही अंगावर येतं. रोज दुपारच्या चहासोबत बशीत काढून घ्या, एक तिखट, एक गोड, डबा बंद करा, फडताळात ठेवा, मग खायला बसा. बिंज इटिंगच्या सुरुवातीच्या महिन्यांत घरात कमी फराळ ठेवणं किंवा डबे शेजारी देणं काहींना उपयोगी पडतं, पण ते तुमच्या उपचार करणाऱ्यांशी बोलून आणि तुमच्या संमतीने व्हायला हवं. घरच्यांनी परस्पर कुलूप घालणं ही शिक्षा होते.

घरच्यांनी एवढं करावं

ताटाकडे टक लावून बघू नका. ‘अरे वा, सगळं संपवलंस!’ असं सगळ्यांदेखत म्हणू नका. जेवताना सिनेमा, प्रवास, शेजाऱ्यांचं नवं मांजर, कशावरही बोला, खाण्यावर नको. नंतर एकांतात विचारा, ‘आज कसं गेलं?’ आणि उत्तर आलं की सल्ला न देता ऐका.

एक धोका ठळकपणे सांगते. जो माणूस बरेच दिवस फार कमी खातो आहे, किंवा ज्याचं वजन झपाट्याने उतरलं आहे, त्याला सणाचं निमित्त करून एकदम भरपूर खाऊ घालू नका. उपाशी शरीरात अन्न अचानक आलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं आणि हृदयावर परिणाम होतो. अशा माणसाचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावं लागतं.

थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, असं कधी

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, उलटीत रक्त, पाणीही न जाणं, पायांत गोळे येऊन ताकद जाणं. यातलं काहीही झालं तर लक्ष्मीपूजन असो की भाऊबीज, रुग्णालयात जा. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे बाहेरून दिसत नाही, आणि वजन कमी नसलेल्या माणसालाही होतं. रुग्णवाहिकेसाठी 108, तातडीच्या मदतीसाठी 112. जीव नकोसा झाला, स्वतःला इजा करावीशी वाटली, किंवा नुसतं कोणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. ती ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. हे तीन आकडे आजच फोनमध्ये आणि फ्रिजवर लिहून ठेवा.

सण झाल्यावर

दिवाळीनंतरच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट दिवाळीआधीच घेऊन ठेवा. तिथे जाताना चार ओळी लिहून न्या. कुठल्या वेळी सगळ्यात जड गेलं, कुठलं वाक्य लागलं, कोणाची मदत झाली, आणि कुठला पदार्थ खरोखर चवीने खाल्ला. शेवटचा प्रश्न गाळू नका, त्याचं उत्तर एखादी चकली असली तरी लिहा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, तेव्हा पुढच्या पत्रिकांच्या तारखाही त्याच कागदाच्या मागे टाका आणि तो कागद डाएटिशियनसमोर ठेवा.